सेक्रेटरींची संजीवनी

ही हकिगत आता गोपीनाथ पेडणेकर स्वतःच सांगत सुटतात, आणि सांगताना स्वतःची अशी बिनपाण्याने हजामत करतात की ऐकणाऱ्याला वस्तरा उचलायची गरजच उरत नाही. पण ज्या दिवसांत ती घडत होती त्या दिवसांत त्यांना हसू वगैरे अजिबात येत नव्हतं. तेव्हा ते फार शहाणे होते.

बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला. डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून ते माल तपासायचे. माल बरा असला तर कागदावर नुसती सही, आणि बरा नसला तर लाल शाईचा रबरी शिक्का, 'नापास'. हा शिक्का मारताना मनगटाला एक झटका द्यावा लागे आणि तो झटका त्यांना फार आवडे. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शिक्का त्यांनी आपणहून खिशात घालून आणला. चोरीच ती, पण इतक्या वर्षांत त्यांच्या हातून झालेली एकमेव चूक, असं तेव्हा ते मानत.

घरी आल्यावर कळलं की घरात नापास करण्याजोगं काही नाही. एकदा त्यांनी बायकोच्या, म्हणजे रंभाताईंच्या, आमटीत मीठ प्रमाणाबाहेर असल्याचं सांगून पाहिलं. रंभाताईंनी शांतपणे ताट उचललं आणि उद्यापासून तुम्हीच करा म्हणाल्या. तेव्हापासून गोपीनाथ खिडकीशी बसून असत आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलत, त्यांतली दोन चहाबद्दल असत.

अशा माणसाच्या गळ्यात सोसायटीचं सेक्रेटरीपद पडलं यात नवल नाही. 'गंगाई' ही बारा घरांची तीन मजली इमारत डोंबिवली पूर्वेच्या अगदी टोकाला आहे. इकडे गटारलाइन अजून यायची आहे. दर निवडणुकीला ती कोपऱ्यापर्यंत येते आणि मतमोजणी झाली की परत जाते. तोवर बारा घरांच्या संडासांतून जे काही निघतं ते इमारतीमागच्या सेप्टिक टँकमध्ये जातं. तिला सगळे नुसतं 'टाकी' म्हणतात, आणि तिचा विषय जेवताना काढत नाहीत. टाकी दोन-अडीच वर्षांतून एकदा उपसावी लागे. बाकी ती कधी कोणाच्या वाटेला गेली नव्हती.

सेक्रेटरी झाल्यावर आठव्या दिवशी गोपीनाथांना साक्षात्कार झाला. बारा घरांत बारा प्रकारची बाटली. कोणी दुकानातलं निळं आणतो, कोणी हिरवं, तर कोणी सायकलवरून ओरडत येणाऱ्याकडून पिवळं अ‍ॅसिड. एका केमिस्टच्या इमारतीत ही अंदाधुंदी त्यांना पाहवेना. त्यांनी पंपाच्या खोलीत दोन पिंपं मांडली, हातमोजे चढवले आणि स्वतःचं संडास धुण्याचं औषध तयार केलं. त्यात अ‍ॅसिड होतं, कारखान्यात टाक्या धुवायला वापरत तसलं जालीम जंतुनाशक होतं, देवदाराचा वास होता आणि डोळ्यांना सुखावणारा निळा रंग होता. ताकद त्यांनी बाजारातल्या मालाच्या तिप्पट ठेवली. जंतू मारायचे तर हात आखडता कशाला घ्यायचा, असा त्यांचा विचार.

नावाचा प्रश्न आला. त्यांना खरोखर वाटत होतं की आयुष्यभर बायकोसाठी आपण काही केलं नाही, तर निदान याला तरी तिचं नाव द्यावं. त्यांनी मोठ्या प्रेमाने पहिल्या कॅनवर 'रंभा' अशी चिठ्ठी चिकटवून आणली. रंभाताईंनी ती वाचली, कॅनकडे पाहिलं, तो कुठे ओतायचा आहे याचा विचार केला, आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी बदलली. 'संजीवनी'.

दिवाळीच्या सुमारास टाकी उपसून झाली होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गोपीनाथ घरोघरी पाच-पाच लिटरचा निळा कॅन पोहोचवत, फुकट. सोबत वापरण्याची पद्धत तोंडी सांगत: सकाळ-संध्याकाळ, सढळ हाताने. लोक खूश होते. फुकट मिळणारं विषही लोक सढळ हातानेच वापरतात, हे वाक्य आता गोपीनाथांचंच आहे.

एकट्या गंगुबाईंनी कधी कौतुक केलं नाही. तळमजल्यावर खोली नंबर एकमध्ये त्या नि त्यांची नात पायल राहत. ज्या जागेवर इमारत उभी आहे तिथे गंगुबाईंच्या नवऱ्याची भातशेती होती. शेत गेलं, त्या बदल्यात तळमजल्याचं घर आलं आणि इमारतीला त्यांचं नाव आलं. पुढे नवरा गेला, मुलगा-सूनही एका अपघातात गेले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी म्हातारीकडे उरलं होतं ते म्हणजे घर, घरापुढचं हातभर अंगण आणि पायल. गोपीनाथ कॅन घेऊन गेले की ती दारातूनच ठेव तिथं म्हणायची.

फाल्गुनात दोन गोष्टी एकदम झाल्या. पायलचं लग्न ठरलं आणि टाकी भरली.

मुलगा ठाण्याचा होता, वर्तकनगरचा, प्रेम नावाचा. साखरपुडा रविवारी ठरला. पाहुण्यांनी हॉल घेऊ म्हटलं होतं, पण गंगुबाईंनी ऐकलं नाही. आपल्या माणसाने ज्या मातीत भात लावला त्याच मातीत नातीचा साखरपुडा व्हायचा, अंगणात मांडव पडायचा, ही त्यांची एकच मागणी होती. त्यांनी आयुष्यात फार मागण्या केल्या नव्हत्या, म्हणून सगळ्यांनी ती मानली. शंभर माणसं येणार होती. आणि आदल्या सोमवारी खोली नंबर एकच्या संडासातलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं.

टाकी तुंबली की आधी तळमजला भोगतो, हे कोणालाही कळतं. वरच्यांना फक्त वास येतो. पण अडीच वर्षं पुरणारी टाकी पाच महिन्यांत कशी भरली, हे कोणालाच कळेना. गोपीनाथांच्या अंगात मात्र वारं संचारलं. तपासणी करायला इतक्या दिवसांनी काहीतरी मिळालं होतं.

मंगळवारी ते वही घेऊन बारा घरं फिरले. कोणाच्या संडासात काय ओतलं जातं याची त्यांनी नोंद केली. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला: जिथे जावं तिथे कोपऱ्यात निळा कॅन आणि त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात 'संजीवनी'. प्रत्येक वेळी ते समाधानाने मान हलवत आणि वहीत 'योग्य' असं लिहीत. एका घरात तर बाईंनी सांगितलं की आम्ही दोन वेळा नाही, चार वेळा ओततो. गोपीनाथांनी त्या घरापुढे 'उत्तम' लिहिलं.

शेवटी ते खोली नंबर एकमध्ये आले. तिथे कॅन दिसला नाही. संडासात एका डब्यात खाण्याचा सोडा होता, नारळाचा काथ्या होता, रिठ्याचं पाणी होतं आणि चुलीवर तापवलेल्या पाण्याची बादली. भांडं मात्र आरशासारखं लखलखत होतं. पण त्यांनी भांड्याकडे पाहिलंच नाही. संजीवनी कुठे आहे विचारलं, तर गंगुबाई म्हणाल्या की हाय तिकरं. गोपीनाथांनी वहीत लिहिलं: 'खोली क्र. १. अप्रमाणित पदार्थ.'

मग त्यांनी तर्क लढवला, आणि हा तर्क ते आजही जसाच्या तसा सांगतात, कारण त्यांना आपल्या बुद्धीचा इतका अचूक नमुना दुसरा सापडलेला नाही. अकरा घरं एकच प्रमाणित औषध वापरतात. बारावं घर वापरत नाही. टाकी बिघडली आहे. म्हणजे फरक जिथे आहे तिथेच दोष आहे. बारावं घर दोषी. त्यात मासे धुतलेलं पाणी आणि तेलकटपणा त्यांनी पदरचा जोडला.

बुधवारी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. तळमजला खोली क्र. १ मधून अप्रमाणित पदार्थ सोडले गेल्याने टाकीत बिघाड झाला असून, टाकी सुस्थितीत येईपर्यंत सदर खोलीत कोणताही समारंभ करू नये, असं सेक्रेटरी यांनी कळवलं होतं. खाली सही, आणि नोटिसीच्या कोपऱ्यात लाल शाईत 'नापास'. मनगटाचा तो झटका निवृत्तीनंतरही गेलेला नव्हता. गोपीनाथांना स्वतःला बरं वाटलं.

संध्याकाळी कामावरून परतलेली पायल वर आली. डोळे कोरडे होते, आवाजही चढलेला नव्हता.

"काका, ही नोटीस तुम्हीच लावलीत ना? मग आजीला पण तुम्हीच सांगा. मी नाय सांगू शकत. ती सकाळपासून अंगण सारवत बसलीये."

गोपीनाथांनी तिला टाकीचं शास्त्र समजावून सांगितलं. ती ऐकून घेऊन निघून गेली. रंभाताई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की ज्या बाईच्या नावाची इमारत, तिलाच तुम्ही तिच्या दारात मनाई करताय. गोपीनाथ म्हणाले, शास्त्राला नावगाव नसतं. हे वाक्य त्यांना त्या क्षणी फार भारदस्त वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी टाकी उपसणारा टँकर आला. इमारतीतली कर्ती माणसं कामावर गेली होती. मागच्या बाजूला सेक्रेटरी आणि टँकरवाले गुणाजी असे दोघेच होते. गुणाजींचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या टाक्यांवर गेलेलं. त्यांनी झाकण सरकवलं आणि गोपीनाथांचा दंड धरून त्यांना चार पावलं मागे ओढलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग लांबूनच बॅटरीचा झोत आत टाकला.

"साहेब, ही टाकी मेलीये," ते म्हणाले.

गोपीनाथांना वाटलं माणूस गंमत करतोय. गुणाजी गंमत करत नव्हते. चालत्या टाकीवर जाड साय धरते, त्यांनी सांगितलं, गाळ खाली कुजून आटत जातो आणि मधलं पाणी निघून जातं. हे काम टाकीतले जीव करतात. इथे साय नाही, काही कुजलेलं नाही, पडलंय ते जसंच्या तसं. कोणीतरी हिला रोज विष पाजलंय. अ‍ॅसिडवाल्या टाकीचं झाकण काढताना त्यांचा एक जोडीदार वायू लागून जागच्या जागी कोसळला होता, वाचला तो नशिबाने. म्हणून ते आता आधी लांब उभे राहतात. "आपल्याकडे कोण ओततो हो एवढं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पाइप जोडायला गेले.

गोपीनाथ तिथेच उभे राहिले. पाइप घरघरायला लागला तरी त्यांना तो ऐकू येत नव्हता. त्यांना आठवत होता सहदेव.

सहदेव कळव्याचा, कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर होता. तिथेही मोठ्या हौदात असेच जीव पाळलेले असत आणि सहदेव त्यांना गूळ-शेण घालून वाढवी. दर आठवड्याला तो लॅबच्या दारात येऊन हात जोडी: पेडणेकर साहेब, बेसिनमधून काही सोडताना विचार करा, माझी पोरं मरतात. सगळी लॅब हसायची. त्याला 'पोरांचा बाप' हे नाव ठेवणारे गोपीनाथच होते. बत्तीस वर्षं एक माणूस त्यांना एकच गोष्ट शिकवत होता आणि ते त्याला नाव ठेवण्यात गुंतले होते. आता त्यांनी आपल्याच दारात तेच करून दाखवलं होतं, तेही कॅन भरभरून, घरपोच.

टाकी रिकामी झाली. गुणाजी गेले. त्यांचं बोलणं गोपीनाथांखेरीज कोणीच ऐकलं नव्हतं.

इथे गोपीनाथ सांगताना थोडे थांबतात, कारण पुढचा दीड तास त्यांच्या मनात जे चाललं होतं त्याची त्यांना खरंच शरम वाटते. टाकी तर साफ झाली, मनात येत होतं. नोटीस काढून टाकू. टाकी आता सुस्थितीत आहे, समारंभ करावा, असं लिहू. म्हातारीचा साखरपुडा होईल, ती खूश. संजीवनी आपण हळूहळू बंद करू, कच्चा माल मिळत नाही म्हणून. कोणाला काही कळणार नाही. इमारतीत केमिस्ट म्हणून जो मान आहे तो राहील, आणि आता त्यांच्याकडे तेवढंच तर उरलं होतं. फक्त लोक आयुष्यभर म्हणत राहतील की गंगुबाईंनी टाकी बिघडवली. पण त्यांना कुठे वाचता येतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. हो, हेसुद्धा.

मेलेली टाकी पुन्हा जिवंत कशी करायची हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. नाही केली तर ती पाच महिन्यांनी पुन्हा भरणार होती. शेवटी त्यांनी सहदेवला फोन लावला. नात्यातल्या एका इमारतीत असं असं झालंय, असं म्हणून सुरुवात केली.

"किती लिटर?" सहदेवने विचारलं.

"महिन्याला साठ."

"किती महिने?"

"पाच."

"पेडणेकर साहेब," सहदेव म्हणाला, "एवढं तर तुम्ही बत्तीस वर्षांत माझ्या प्लांटला पण केलं नव्हतं."

नात्यातली इमारत तिथेच कोसळली. पण सहदेव हसला नाही. त्याने नीट समजावून सांगितलं. गाईच्या ताज्या शेणाचा काला दोन बादल्या, त्यात थोडा गूळ. कालच्या ताकाने आजचं दही लावतात तसंच हे विरजण. ते टाकीत सोडायचं आणि तिला तिचं काम करू द्यायचं. आणि संडासात काय वापरायचं तेही लिहून घ्या, तो म्हणाला. अ‍ॅसिड, ब्लीच, जंतुनाशक पूर्ण बंद. फरशी पुसलेलं फिनेलचं पाणीसुद्धा तिथे ओतायचं नाही. खाण्याचा सोडा चालेल. गरम पाणी. काथ्याने घासायचं. साबण वापरायचाच तर साधा, रिठ्यासारखा, तोही बेताने.

गोपीनाथ जवळ पडलेल्या वहीत लिहून घेत होते. सोडा, गरम पाणी, काथ्या, रिठा. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. हीच यादी त्याच पानावर वर अगोदरच लिहिलेली होती, त्यांच्याच अक्षरात. पुढे शेरा होता, 'अप्रमाणित'.

त्यानंतर मनात लपवाछपवीचं काही उरलं नाही. त्यांनी फोन ठेवला, जिना उतरले आणि फळ्यावरची नोटीस काढली. दुसरी लिहायला अर्धा तास लागला, कारण इतकी वर्षं तपासणीचा अहवाल लिहिला तरी आरोपीच्या जागी स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं. 'माल: संजीवनी. बनवणार: गोपीनाथ पेडणेकर. दोष: टाकीतले उपयोगी जीव मारून टाकी बंद पाडली. खोली क्र. १ चा यात काडीचाही दोष नाही, उलट सर्वांनी तिथे जाऊन साफसफाई शिकावी. रविवारचा समारंभ ठरल्याप्रमाणे अंगणातच होईल.' खाली त्यांनी शिक्का मारला. यावेळी मनगटाला झटका बसला नाही, शिक्का जरा पुसटच उठला. म्हणून पुन्हा एकदा मारला.

शुक्रवारी सकाळी ते स्कूटरवर दोन बादल्या घेऊन दूधवाल्या काळुरामच्या गोठ्यावर गेले. शेण खाल्लं होतंच, आता ते वाहून आणणं भाग होतं. परतताना बादलीवर झाकण नव्हतं, रस्त्याला गतिरोधक होते, आणि गल्लीतली यच्चयावत माणसं त्या वेळी दारात उभी होती. काय सेक्रेटरी, बाग करताय काय, असं पहिल्याने विचारलं. गोपीनाथांनी स्कूटर थांबवून त्याला सगळं सांगितलं. पुढच्यालाही सांगितलं. तिसऱ्यापर्यंत त्यांना त्यातली गंमत दिसू लागली होती आणि पाचव्याला तर त्यांनी 'उत्तम' शेऱ्याचा किस्साही ऐकवला. लोक पोट धरून हसले. आश्चर्य म्हणजे त्या हसण्याने काही बिघडलं नाही.

काला टाकीत सोडून झाल्यावर संध्याकाळी त्यांनी घरोघरी फिरून कॅन परत घेतले. चार वेळा ओतणाऱ्या बाईंचा कॅन रिकामा होता.

गंगुबाईंच्या दारात मात्र त्यांचा पाय अडखळला. ते चौकटीशीच उभे राहून माफ करा म्हणाले. म्हातारी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, फक्त विचारलं की रविवाराला संडास चालंल का. चालेल, गोपीनाथ म्हणाले. मग जा, मना लय काम हाय, असं म्हणून तिने सुपाला एक झटका दिला.

रविवारी अंगणात मांडव पडला. वर्तकनगरहून दोन बस भरून माणसं आली. पायल हिरव्या शालूत बसली होती, प्रेम घामाघूम होता, आणि गंगुबाई गळाभर सोनं घालून दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून आत नेत होत्या. गोपीनाथ मांडवात आलेच नाहीत. ते मागे टाकीच्या झाकणाजवळ हात पाठीमागे बांधून उभे होते. आत पाण्याचा आवाज झाला की ते कान देत, आणि पाणी सुरळीत गेलं की श्वास सोडत. बाळंतिणीच्या खोलीबाहेरही ते असे ताटकळत उभे राहिले नव्हते, असं रंभाताई नंतर म्हणाल्या.

मुलाचे मामा हात धुवायला मागे आले. हे गृहस्थ इथे का उभे आहेत हे त्यांना कळेना. तुम्ही कोण, त्यांनी विचारलं. सहा महिन्यांपूर्वी गोपीनाथांनी लगेच सांगितलं असतं, केमिस्ट, बत्तीस वर्षं.

"ही टाकी मीच बंद पाडली होती," ते म्हणाले. "चालतेय का बघतोय."

साखरपुडा झाला. पुडा बांधला गेला, पेढे वाटले गेले, शंभराच्या जागी दीडशे माणसं जेवली आणि टाकी कोणाच्या वाटेला गेली नाही. बस गेल्यावर गंगुबाईंनी गोपीनाथांना आत बोलावलं. पानात पुरी, बासुंदी वाढून दिली. आणि मग तांदळाच्या पिंपामागचं पोतं बाजूला केलं. तिथे पाच निळे कॅन ओळीने उभे होते, एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"ह्ये ने तुजे," त्या म्हणाल्या. "टाकीला पोट हाय, बाला. पोटान कोन अ‍ॅसिड वततंय?"

गोपीनाथांचा घास हातातच राहिला. म्हणजे गंगुबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "मग बोलला का नाहीत, मावशी?" त्यांनी विचारलं. "तेव्हाच म्हणाला असता तर एवढं झालंच नसतं. नोटीस लावली तेव्हा तरी."

गंगुबाई पिंपाला टेकून बसल्या. दिवसभर उभ्या राहून त्यांचे पाय सुजले होते.

"तुजी रंभा खाली येवाची नि सांगाची, मानूस घरान बसून मुका झालाय. मंग तू पयला कॅन घेऊन दारान आलास. हसत व्हतास. मना वाटलं, हसतंय त हसू दे. टाकी काय, उपसता येते." पाय चोळत त्या म्हणाल्या, "नोटिशीचं शेवटी पायलनीच वाचून दाखवलं. लय वाईट वाटलं. पन मी बोल्लू, शिकलेला मानूस हाय, त्याचं त्याला कलंल. जरा टाइम लागला तुला."

गोपीनाथांनी बासुंदी खाल्ली, ताट स्वतः विसळून ठेवलं, आणि दोन खेपा करून पाच कॅन वर नेले.

ते कॅन आजही त्यांच्या गॅलरीत आहेत, इमारतीतून गोळा केलेल्या बाकीच्या कॅनशेजारी. कुठेही ओतता येत नाहीत. कोणत्या गटारात, कोणत्या टाकीत ते ओतायचे हे जगातल्या कुठल्याच केमिस्टला ठाऊक नाही, निदान या केमिस्टला तरी नाही. प्रत्येकावर लाल शाईचा शिक्का आहे. त्या रविवारी ते सगळे ओळीने लावून झाल्यावर गोपीनाथ समोर खुर्ची टाकून बसले, त्यांच्याकडे पाहत राहिले आणि एकाएकी हसायला लागले, थांबेचनात. रंभाताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. काय झालं म्हणून विचारणार होत्या, पण विचारलं नाही. शेजारी खुर्ची ओढून त्या बसल्या आणि त्यांना हसू दिलं.